पाणबुड्यांचे प्रथमोपचार आणि त्यांचा शिक्षक

भूमीवर अपघात घडला म्हणजे माणूस स्वाभाविकपणे वैद्याकडे धाव घेतो. शहरात दवाखाना जवळ असतो, खेड्यात निदान रस्ता तरी असतो. समुद्रात बुडी घेणाऱ्या माणसाची स्थिती निराळी असते. अपघाताचे स्थळ आणि वैद्य यांच्यामध्ये अथांग पाणी पसरलेले असते आणि ते ओलांडण्यास घटका-दोन घटका सहज लागतात. तेवढ्या वेळात जे काही करावयाचे ते नौकेवर असलेल्या माणसांनीच केले पाहिजे. ती माणसे बहुधा वैद्य नसतात. कोणी नावाडी असतो, कोणी पर्यटक, कोणी पाणबुड्यांचा मार्गदर्शक. संकटाच्या क्षणी त्यांच्या हातून योग्य तेच घडावे म्हणून त्यांना आधी कोणीतरी शिकविलेले असावे लागते. हे शिकविण्याचे काम करणारा पाणबुड्या-शिक्षक कसा तयार होतो, त्याला कोणते शास्त्र अवगत असावे लागते आणि ते दुसऱ्याच्या हाती कसे उतरवावे लागते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

पाण्याचा दाब आणि वायूंचे नियम

पाणबुड्यांच्या विशिष्ट आजारांचे मूळ दाबात आहे. समुद्रसपाटीवर आपल्या शरीरावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीमागे त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दोन वातावरणे, २० मीटरवर तीन आणि ३० मीटरवर चार वातावरणे इतका असतो. स्कूबा हे पाठीवर बांधून नेण्याचे श्वसनयंत्र पाणबुड्याला भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा पुरविते. म्हणूनच त्याला खोलवरही सुखाने श्वास घेता येतो.

रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली प्रसिद्ध केलेला नियम असा, की तापमान कायम असता वायूचा दाब वाढला तर त्याच प्रमाणात त्याचे आकारमान घटते आणि दाब घटला तर वाढते. समजा, एखाद्या पाणबुड्याने १० मीटर खोलीवर छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून धरून तो वर निघाला. पृष्ठभागाशी येईपर्यंत दाब निम्मा होईल आणि छातीतील हवा दुपटीने फुगू पाहील. फुप्फुसे हा फुगवटा सहन करू शकत नाहीत. त्यांतील नाजूक वायुकोश फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि रक्तप्रवाहाबरोबर मेंदूपर्यंत पोचून त्याचा रक्तपुरवठा तोडतात. पाणबुड्या वर येताच बेशुद्ध पडणे किंवा त्याचे अर्धे अंग लुळे पडणे ही याची लक्षणे होत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना दाब चारावरून तीनावर उतरतो. परंतु १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना तो दोनावरून एकावर, म्हणजे निम्म्यावर येतो. हवेच्या फुगण्याचा सर्वांत मोठा भाग अशा रीतीने उथळ पाण्यातच घडतो. ‘पाणी फार खोल नाही, भीती कशाची?’ हा नवशिक्याचा समज म्हणूनच घातक ठरतो. श्वास कधीही रोखू नये, हा पाणबुड्याचा पहिला नियम या साध्या गणितातून निघाला आहे.

दुसरा नियम विल्यम हेन्री याचा, १८०३ सालचा. द्रवावरील वायूचा दाब जितका अधिक, तितका तो वायू द्रवात अधिक विरघळतो. सोडावॉटरची बाटली उघडताच बुडबुडे उसळतात ते याच कारणाने. पाणबुड्या खोलवर असतो तेव्हा श्वासातील नत्रवायू त्याच्या रक्तात व ऊतींत विरघळत राहतो. तो सावकाश वर आला तर हा वायू हळूहळू फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आला तर शरीरातच बुडबुडे धरू लागतात. सांधे दुखणे, अंगाला मुंग्या येणे, त्वचेवर चट्टे उठणे, भोवळ, पायांतील शक्ती जाणे, लघवी अडणे अशा नाना रूपांनी हा विकार प्रकट होतो. त्याची लक्षणे बहुधा वर आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत दिसू लागतात.

पुलांच्या पायांपासून नौकेपर्यंत

या विकाराची ओळख मानवाला समुद्रात नव्हे, तर नदीच्या तळाशी झाली. एकोणिसाव्या शतकात मोठ्या पुलांचे पाये घालण्यासाठी दाबाखालील हवा भरलेल्या प्रचंड पेट्या नदीत उतरवीत आणि त्यांत मजूर खोदकाम करीत. अमेरिकेतील सेंट लुई येथील ईड्स पूल आणि न्यूयॉर्क येथील ब्रुकलिन पूल यांच्या बांधकामावर असे काम करून बाहेर आलेले अनेक मजूर वेदनांनी वाकून गेले, काही पंगू झाले, काही मृत्यू पावले. ब्रुकलिन पुलाचा प्रमुख अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही १८७२ साली या विकाराने अंथरुणास खिळला आणि पुढील कामावर त्याची पत्नी एमिली हिच्यामार्फत देखरेख ठेवावी लागली.

पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या ग्रंथात या विकाराचे कारण नत्रवायूचे बुडबुडे हेच होय असे दाखवून दिले. पुढे ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून कोणत्या टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. त्या काळी पाणबुड्या हा नौदलाचा किंवा बंदराचा पगारी माणूस असे व त्याच्या सुरक्षिततेची चिंता वाहणारी माणसे काठावर उभी असत. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारे सुटसुटीत श्वसनयंत्र सिद्ध केले आणि समुद्रतळाचे दार सर्वसामान्य माणसाला खुले झाले. दार खुले झाले, त्याबरोबर धोकाही सर्वसामान्यांच्या वाट्याला आला. ब्रिटनमध्ये १९५३ साली, अमेरिकेत १९६० व १९६६ साली पाणबुड्यांना शिक्षण देणाऱ्या मोठ्या संघटना निघाल्या त्या याच गरजेतून.

नौकेवरील पहिली काही मिनिटे

बुडून निपचित पडलेला माणूस नौकेवर आणला गेला आहे अशी कल्पना करावी. प्रथम तो हाकेला ओ देतो की नाही हे पाहावयाचे आणि मग त्याचा श्वास चालू आहे की नाही हे. श्वास नसेल किंवा तो केवळ आचके देत असेल, तर एक क्षणही दवडता कामा नये. कारण प्राणवायूवाचून मेंदूची हानी होण्यास चार-पाच मिनिटांत आरंभ होतो. बुडालेल्या माणसाचे हृदय बहुधा प्राणवायूच्या अभावी थांबलेले असते. म्हणून युरोपातील प्रचलित पद्धतीत त्याला आधी पाच कृत्रिम श्वास देतात आणि नंतर छातीवर ३० दाब व दोन श्वास असा क्रम चालू ठेवतात. प्रौढाच्या छातीवरील दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने असावेत. विद्युत्-धक्का देणारे स्वयंचलित यंत्र नौकेवर असेल, तर छाती कोरडी पुसूनच त्याच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात.

आपल्याकडे बुडालेल्याचे पोट दाबण्याची किंवा त्याला उलटे धरून पाणी काढण्याची रूढी अनेक ठिकाणी आढळते. ही रूढी सोडून दिली पाहिजे. पोट दाबल्याने ओकारी होऊन जठरातील पदार्थ श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो आणि त्याहून मोठी हानी ही, की ज्या मिनिटांत श्वास द्यावयाचा ती मिनिटेच त्यात निघून जातात.

पाणबुड्या शुद्धीवर आहे, परंतु त्याला नत्रवायूचा विकार झाल्याची शंका आहे, अशा वेळी प्रथमोपचाराचे मुख्य साधन म्हणजे शुद्ध प्राणवायू. त्याचे कार्य दुहेरी असते. श्वासात नत्रवायू उरला नाही म्हणजे शरीरात साठलेला नत्रवायू वेगाने बाहेर पडू लागतो व बुडबुडे आक्रसतात. शिवाय ज्या ऊतींचा रक्तपुरवठा अडला आहे त्यांना अधिक प्राणवायू मिळतो. रुग्णाला सपाट निजवावे, त्याला गिळता येत असेल व मळमळ नसेल तर पाणी पाजावे, त्याच्या बुडीची खोली, वेळ आणि लक्षणांचा आरंभ लिहून ठेवावा. त्याला पुन्हा पाण्यात उतरवून ‘बरे’ करण्याचा प्रयत्न करू नये. प्राणवायूने लक्षणे नाहीशी झाली तरी वैद्याची तपासणी टाळता येत नाही, कारण ती पुन्हा उलटू शकतात. खरा उपचार दाबकोठडीत होतो. तेथे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून प्राणवायू देतात व मग टप्प्याटप्प्याने दाब उतरवितात.

येथे गणितही जाणले पाहिजे. मुखवट्यातून मिनिटाला १५ लिटर प्राणवायू देत असता ६०० लिटरचे नळकांडे ४० मिनिटांत रिकामे होते. किनारा ९० मिनिटांवर असेल तर १,३५० लिटर लागतील. प्राणवायूची नळकांडी नौकेवर असणे पुरेसे नाही. ती किनाऱ्यापर्यंत पुरतील काय, हा प्रश्न बंदर सोडण्यापूर्वी विचारावयाचा असतो. त्याचप्रमाणे प्राणवायूच्या झडपेजवळ तेल, वंगण आणि विस्तव येऊ देता कामा नये, हेही तेथे वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

जाणणे आणि शिकविणे

ही सर्व माहिती ज्याला आहे तो चांगला प्रथमोपचारक होईल; परंतु तेवढ्याने तो शिक्षक होत नाही. समजा, एक अनुभवी पाणबुड्या प्रथमच वर्गापुढे उभा आहे. विषय त्याला तोंडपाठ आहे. तो हृदयाची रचना सांगतो, रक्ताभिसरण सांगतो, नियमांचा इतिहास सांगतो. पाऊण तास होतो, विद्यार्थी माना डोलावितात आणि एकाचाही हात अद्याप पुतळ्याच्या छातीला लागलेला नसतो. अशा वर्गातून बाहेर पडलेला माणूस प्रसंग आला म्हणजे नेमका थबकतो, कारण त्याच्या कानांनी धडा ऐकला आहे, हातांनी नाही.

ज्या पुतळ्यावर हा अभ्यास करावयाचा त्याचाही एक इतिहास आहे. तोंडाने श्वास देण्याची पद्धत परिणामकारक असल्याचे पीटर साफार याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखविले. १९६० साली बाल्टिमोर येथील कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे प्रसिद्ध केले. परंतु धडधडत्या हृदयाच्या निरोगी माणसावर असे दाब देण्याचा सराव करता येत नाही. ही अडचण नॉर्वेतील खेळणी बनविणाऱ्या ऑस्मुंड लेर्डाल याने दूर केली. त्याने १९६० साली सरावासाठी माणसाएवढा पुतळा तयार केला. वैद्यांपुरती मर्यादित राहू शकली असती अशी विद्या त्या पुतळ्यामुळे शिक्षक, कामगार, नावाडी यांच्यापर्यंत पोचली.

कसलेला शिक्षक कौशल्य चार पायऱ्यांनी शिकवितो. प्रथम तो संपूर्ण क्रिया काही न बोलता, प्रत्यक्षात जेवढा वेळ लागेल तेवढ्याच वेळात करून दाखवितो. मग तीच क्रिया सावकाश, प्रत्येक कृतीचे कारण सांगत करतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः सांगतो व स्वतः करतो. यानंतरचा वेळ सरावाचा. चूक दिसताच शिक्षक एकच दोष निवडतो व तो सुधारण्याचा उपाय सांगतो. ‘कोपर वाकवू नका, खांदे हातांच्या वर आणा’ एवढे पुरते. दहा दोष एकदम सांगितले तर शिकणारा एकही सुधारीत नाही आणि वर धीर मात्र खचतो.

धीर हाच या शिक्षणाचा गाभा आहे. जाणकार माणसेही पुढे सरसावत नाहीत, कारण आपल्या हातून काही बिघडेल अशी त्यांना भीती वाटते, किंवा इतके लोक आहेत तेव्हा दुसरा कोणी पाहील असे त्यांना वाटते. म्हणून शिक्षक ‘कोणीतरी मदत बोलवा’ असे ओरडण्याची सवय मोडतो आणि बोट दाखवून सांगण्यास शिकवितो: ‘तुम्ही, निळा सदरा घातलेले, तटरक्षक दलाला कळवा आणि कळविल्याचे मला येऊन सांगा.’ भारतात तटरक्षक दलाचा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. नौकेवरील व्हीएचएफ रेडिओवर १६ वा मार्ग संकटसंदेशासाठी राखलेला असतो. हे आकडे फळ्यावर लिहून भागत नाही. प्रत्येकाकडून ते मोठ्याने म्हणवून घ्यावे लागतात.

पाणबुड्यांच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे, तो म्हणजे रुग्णाचा स्वतःचा नकार. खांदा दुखत असता ‘नळकांडे उचलताना लचक भरली असेल’ आणि हाताला मुंग्या येत असता ‘पोशाख घट्ट असेल’ असे तो म्हणतो. आपण नियम मोडला असे कोणी समजेल, ही लाज त्यामागे असते. चांगला शिक्षक वर्गातच सांगून ठेवतो, की सर्व नियम पाळूनही हा विकार होऊ शकतो आणि तो सांगण्यात कमीपणा नाही. या एका वाक्याने कित्येक तासांचा घातक विलंब टळतो.

शिक्षक होण्याची वाट

जगात अनेक संघटना हे शिक्षण देतात. त्यांपैकी ‘पॅडी’ या १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या संघटनेचा क्रम उदाहरणादाखल पाहता येईल. प्राथमिक व प्रगत शिक्षण घेतलेला पाणबुड्या बचावकार्याचा अभ्यासक्रम घेतो, तेव्हाच त्याला मागील २४ महिन्यांत प्रथमोपचार व हृदय-श्वसन पुनरुज्जीवन यांचे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. पुढे डाइव्हमास्टरच्या शिक्षणास आरंभ करताना ४० आणि ते पुरे करताना ६० बुड्यांची नोंद वहीत असावी लागते. शिक्षकपदाच्या परीक्षेसाठी ही संख्या १०० होते. आणि या पदासाठी उमेदवाराला प्रथमोपचार शिकविण्याचीही पात्रता मिळवावी लागते. ज्याला माणसांना पाण्याखाली नेण्याचा अधिकार द्यावयाचा, त्याने त्यांना वाचविण्याची विद्या नुसती जाणून न थांबता ती शिकविताही यावी, असा या अटीमागील अर्थ आहे.

प्रथमोपचार-शिक्षकाचा अभ्यासक्रम पाण्यात नव्हे, वर्गात होतो. उमेदवाराचे वय १८ वर्षांहून कमी नसावे. त्याला विषय समजावून सांगणे, कौशल्य करून दाखविणे, अपघाताचे बनावट प्रसंग रचणे आणि विद्यार्थ्याची कसोटी घेणे ही कामे परीक्षकापुढे करून दाखवावी लागतात. पाणबुड्यांच्या अपघातांसाठी १९८० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सुरू झालेली ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ ही संस्थाही प्राणवायू देण्याचे व इतर प्रथमोपचारांचे शिक्षण देते.

मिळालेली पात्रता ही कायमची मिळकत नव्हे. सराव नसेल तर हातांचे कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते. म्हणून दोन वर्षांच्या आत उजळणी करण्याचा प्रघात आहे. खुद्द शास्त्रही बदलते. मेंदूत हवेचे बुडबुडे गेल्याची शंका असलेल्या पाणबुड्याला डोके खाली व पाय वर करून निजवावे असे पूर्वी शिकवीत असत. पुढे त्यापासून लाभ न होता अपायाचा संभव दिसून आल्याने ती पद्धत सोडण्यात आली. जुना पाठ विसरून नवा शिकण्याची तयारी नसलेला शिक्षक, त्याचा अनुभव कितीही असो, विद्यार्थ्यांना कालबाह्य विद्याच देत राहील.

भारताच्या किनाऱ्यावर

भारतात अंदमानातील स्वराज द्वीप, लक्षद्वीप, कर्नाटकातील मुरुडेश्वरनजीकचे नेत्राणी बेट, गोव्याचे ग्रँड बेट आणि महाराष्ट्रातील मालवण-तारकर्लीचा परिसर येथे स्कूबा-बुड्यांचा व्यवसाय चालतो. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. याउलट दाबकोठड्या मोजक्याच ठिकाणी असून नौदलाची मुंबई येथील अश्विनी रुग्णालयासारखी केंद्रे त्यांत प्रमुख आहेत. कोठडी जितकी दूर, तितके नौकेवरील प्रथमोपचाराचे मोल अधिक. रुग्णाला विमानाने हलवावयाचे झाल्यास हवेचा दाब आणखी उतरून बुडबुडे वाढण्याचा धोका असतो, हेही येथे विसरता येत नाही. निरोगी पाणबुड्यानेदेखील एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये असा संकेत आहे.

या शिक्षणाची पुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत. नौका हाकणारा मात्र मराठी, कोंकणी, कन्नड, मलयाळम किंवा हिंदी बोलणारा असतो. समुद्राची नाडी त्याला कोणत्याही पाहुण्या पाणबुड्यापेक्षा अधिक कळते आणि अपघाताच्या वेळी सुकाणू त्याच्याच हाती असते. त्याला वर्गाबाहेर ठेवून चालणार नाही. ‘छातीच्या मधोमध, जोरात, भरभर, आणि थांबू नका’ एवढे त्याच्या भाषेत सांगून त्याच्या हातांकडून ते करून घेणारा शिक्षक प्रत्येक किनाऱ्याला हवा आहे. अशा शिक्षकाने वाचविलेली माणसे त्याला स्वतःला कदाचित कधी भेटणारही नाहीत. ती त्याच्या विद्यार्थ्यांच्या हातांनी वाचलेली असतील.

स्वाध्याय

१. २० मीटर खोलीवर ३ लिटर हवा भरलेला फुगा पृष्ठभागावर आणला, तर त्याचे आकारमान किती होईल?
२. सोडावॉटरची बाटली आणि घाईने वर आलेला पाणबुड्या यांत कोणते साम्य आहे? बाटलीचे टोपण अगदी हळू उघडून पाहा व काय दिसते ते लिहा.
३. एका नौकेवर ४०० लिटरची दोन प्राणवायूची नळकांडी आहेत. मिनिटाला १५ लिटर दिल्यास ती किती वेळ पुरतील? किनारा एका तासावर असेल तर हा साठा पुरेसा आहे काय?
४. बुडालेल्या माणसाचे पोट दाबू नये, याची दोन कारणे सांगा.
५. चार पायऱ्यांच्या पद्धतीने आपल्या मित्राला एखादी गाठ मारण्यास शिकवा. कोणत्या पायरीवर त्याची चूक तुमच्या प्रथम लक्षात आली, ते नोंदवा.